डोंगरची खोली

“आणि हा म्हातारा झाला की?” संघमित्राने विचारलं. “मोठ्या जातीचे कुत्रे लवकर थकतात. मागचे पाय जातात. घरात घाण होते. उचलून न्यावं लागतं.”

“मग उचलू,” श्रेयस म्हणाला. “लळा लावायचा आणि अडचण झाली की बाहेर काढायचं, हे आम्हाला नाही जमत, ताई.”

असं सगळेच म्हणत. डोंगर हा जेमतेम वर्षाचा ग्रेट डेन. दोन घरांनी हौसेने नेला आणि वासराएवढा वाढल्यावर दहिसरच्या शेल्टरमध्ये परत आणून सोडला. दुसऱ्या वेळी तर त्याने अन्नाला तोंडच लावलं नव्हतं. पुन्हा टाकला तर तो जगायचा नाही, हे संघमित्राला ठाऊक होतं. म्हणून कुत्रा हवाली करण्याआधी ती स्वतः घर बघायला चारकोपला आली होती. बाकी तिला आताशा कशाचं फारसं काही वाटत नसे. इतके कुत्रे गेले आणि इतके परत आले, की मन पार बधिर झालं होतं.

“त्याची खोली दाखवते ना,” श्रेयसची बायको अबोली उठली.

खोली ऐसपैस होती. तळमजला, त्यामुळे जिन्याची कटकट नाही. भिंतींना नुकताच पिस्ता रंग दिलेला, त्याचा वास अजून नाकात शिरत होता. सागवानी पलंगाच्या उशाला कमळ कोरलेलं आणि शेजारच्या भिंतीत, धरून उठायला, स्टीलचा दांडा.

“बाबांची खोली,” अबोली हळूच म्हणाली.

श्रेयस खिडकीबाहेर बघत राहिला. संघमित्राने पुढे काही विचारलं नाही. घरातलं माणूस गेलं की लोक कुत्रा आणतात, हे तिने खूपदा पाहिलं होतं. अशी माणसं सहसा कुत्रा परत करत नाहीत.

“शनिवारी घेऊन जा,” ती म्हणाली.

डोंगर गेला. आठवडा उलटला, दुसराही उलटला, तो परत आला नाही. रविवारी सकाळी अबोलीने फोटो पाठवला. डोंगर त्या पलंगावर आडवातिडवा पसरला होता, डोकं थेट कमळाला टेकवून. संघमित्राला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय याचंच नवल वाटलं.

महिन्यातल्या एका रविवारी ती शेल्टरमधली एक गरीब स्वभावाची कुत्री घेऊन जवळच्या वृद्धाश्रमात जाई. म्हातारी माणसं तिला कुरवाळत बसत, तेवढाच विरंगुळा. त्या दिवशी कोपऱ्यातल्या खाटेवर एक नवे आजोबा होते.

“मी इथला नाही हां,” ते आधीच म्हणाले. “घरी रंगकाम काढलंय. वासाने मला दम लागतो ना. रंग झाला की मुलगा न्यायला येणार आहे.”

“येईल की, आजोबा.” तिने मोबाइल पुढे धरला. “हा बघा आमचा डोंगर. दोनदा टाकलेला. आता बघा कसा झोपलाय.”

आजोबांनी चष्मा लावला. मोबाइल डोळ्यांजवळ नेला. कुत्र्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांचं बोट कोरलेल्या कमळावरून फिरलं, स्टीलच्या दांड्यावरून गेलं आणि मागच्या भिंतीवर जाऊन थांबलं.

“झाला वाटतं रंग,” ते म्हणाले, आणि खाटेखालची बॅग ओढायला वाकले.