ओसरीतली साक्ष

दुधना नदीचं पाणी प्रार्थनाघरात शिरलं आणि खाली चिखलाचा थर बसला, म्हणून त्या रविवारची उपासना याकोब खरातच्या ओसरीत भरली. गावाच्या उंचवट्यावर तेवढंच एक मोठं घर कोरडं राहिलं होतं. याकोब स्वतः कित्येक वर्षांत उपासनेला आलेला नव्हता. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, ओसरी रिकामीच असते, बसा.

शांतवन त्याचा धाकटा भाऊ. त्याच्या घराच्या भिंती पुरात बसल्या होत्या आणि बायकोलेकरांसकट तो आता याच घरात राहत होता. न्यायला याकोबच आला होता, मांडीभर पाण्यातून. शांतवनच्या एका लेकराला डाव्या खांद्यावर घेऊन तो पुढं चालला होता. उजवा हात त्याला उचलता येत नसे. कोपरात आखडलेला तो हात कायम पोटाशी असायचा.

त्या हाताची गोष्ट मंडळीत सगळ्यांना पाठ होती, कारण शांतवन ती साक्ष म्हणून सांगत आला होता. परतूरला, मंठ्याला, जालन्याच्या मोठ्या सभेत. दारूनं आपला कसा ताबा घेतला, विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या पाळीवरून नशेत सख्ख्या भावावर पहार कशी घातली, मग प्रभूनं त्या चिखलातून कसं वर काढलं. कुठं थांबायचं ते त्याला आता ठाऊक झालं होतं. पहारीपाशी आला की आवाज आपोआप उतरायचा आणि बाया डोळ्याला पदर लावायच्या. याकोबनं मात्र ती गोष्ट ऐकली नव्हती. निदान शांतवनच्या तोंडून तरी नव्हती.

लोक खचलेले होते. कुणाचं सोयाबीन शेंगेतच कुजलं होतं, कुणाची जनावरं वाहून गेली होती. पाळकसाहेबांनी शांतवनला साक्ष द्यायला सांगितलं. तेवढाच लोकांना धीर येईल, म्हणाले.

शांतवन उठला. याकोब ओसरीच्या टोकाला, लाकडी मेढीला टेकून बसला होता. मांडीवर सूप घेऊन मोड आलेलं सोयाबीन डाव्या हातानं निवडत होता. त्यानं मान वर केली नाही.

शांतवननं नेहमीसारखी सुरुवात केली. बायांनी माना डोलावल्या. दारूचं झालं, बायकोच्या हालांचं झालं. बोलता बोलता तो मोटारीपाशी आला. म्हणाला, त्या दिवशी मी पहार घेऊन शेतात गेल्तो.

सुपातला हात थांबला. याकोबनं वर पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. पेरणीच्या दिवसांत माणूस आभाळाकडं बघतो, तसा तो बघत होता.

शांतवन तिथंच थांबला. ही काही थांबायची जागा नव्हती. तो विसरला असेल असं वाटून त्याच्या बायकोनं, एस्तरनं, मागून पुढचं वाक्य हळूच सांगितलं. "नशेत व्हतो म्हणा."

"त्या दिवशी मी पेलेलो नव्हतो," शांतवन म्हणाला.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला.

मग तो सांगत राहिला, पण आवाज चढला नाही की उतरला नाही. सकाळची वेळ होती. घरून भाकरी खाऊन निघाला होता. मोटारीची पाळी हे निमित्त होतं. गावात काही अडलं की लोक दादाला बोलवायचे, याला कुणी बोलवत नव्हतं. ते बरेच दिवस मनात होतं. दादा मोटार चालू करायला वाकेपर्यंत तो थांबला होता. त्याची पाठ वळेपर्यंत थांबला होता. दवाखान्यात पोलिसांनी विचारलं तेव्हा ट्रॉलीवरून पडलो असं दादानंच सांगितलं. तो आखडलेला हात रोज डोळ्यांसमोर दिसायला लागला, तेव्हा कुठं दारू सुरू झाली.

"मी तुम्हाला आधी दारू सांगतो, मंग पहार," तो म्हणाला. "ते उलटं हाय. आधी पहार. दारू मागून आली."

आणि तो खाली बसला.

एस्तर नवऱ्याकडं न बघता लुगड्याचा काठ मुडपत राहिली. पाळकसाहेबांनी गीताचं पुस्तक उघडलं, मिटलं. असं अर्धवट सोडून उपासना संपवणं त्यांना जड जात होतं. त्यांनी याकोबकडं वळून विचारलं, भाऊ, तुम्ही याला क्षमा केली ना?

याकोबनं सूप खाली ठेवलं.

"मला म्हाईत व्हतं, साहेब," तो म्हणाला. "ह्याला म्हाईत हाय का न्हाई, तेवढं बघून राह्यलो व्हतो."

त्यानं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

तेवढ्यात वारा सुटला. परतूरकडून आभाळ काळंभोर होऊन येत होतं. अंगणात वाचलेलं सोयाबीन वाळत पडलं होतं. लोक उठले, ज्याला त्याला आपल्या घरचं आठवलं. याकोब अंगणात उतरला आणि ताडपत्री उलगडायला लागला. एरवी तो तिचं एक टोक पायाखाली दाबून दुसरं एकट्यानं ओढत न्यायचा. आज त्यानं एक टोक शांतवनपुढं धरलं.

"धर," म्हणाला. "लगेच ओढू नको. मी म्हणल्यावर ओढ."

पहिले थेंब पडले. टोक दोन्ही हातांनी धरून शांतवन उभा राहिला. याकोब अजून ‘ओढ’ म्हणाला नव्हता.