उलटा हात

धार काढण्याआधी गवळी गाईच्या कासेला उलटा हात लावून ताप बघायचा. ही रीत बायकोची. ती आधी कास बघायची, मग त्याचं कपाळ. म्हणायची, "दोन्ही जनावरं धड आहेत." ती गेल्यापासून बोलायला गायच उरली. दोन दिवस कास गारच लागत होती, तरी गाय अंग चोरायची. "नखरे पुरे," तो दटावायचा. आज दुधात गाठी दिसल्या, तेव्हा गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. "केवढी तापलीय कास! गाठी म्हणजे रोगाशी झुंजायला धावून आलेल्या पांढऱ्या पेशी. तुम्हाला कळलं नाही?" "हाताला गारच लागली, बाई." बाईंनी तसाच उलटा हात त्याच्या कपाळाला लावला. "तुम्हीच तापाने फणफणलाय, दादा! तापलेल्या हाताला कास गारच लागणार. घरात कुणाला कळलं नाही?" त्यांनी हात काढला, तरी तो कपाळ पुढे करून उभाच राहिला.