काचेवरची टकटक

आई गेल्यापासून तिचा ओव्हन बंदच होता, पण भंगारात द्यायला माझा जीव होईना.

"अगं, कॉइल जळलीय त्याची. किती कुरवाळशील?" नवरा म्हणायचा.

म्हणून आज दुपारी लेक झोपल्यावर मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. आधी प्लग काढला. जळकी कॉइल सोडवून नवी बसवली, दाराचं कडक झालेलं रबरही बदललं. जुन्या रबराला अजून व्हॅनिलाचा वास होता.

लहानपणी केक फुगत असताना मी बशी घेऊन समोर उभी राहायचे. आई अंगठीने काचेवर वाजवायची. एकदा वाजवलं की थांब, दोनदा वाजवलं की ये. त्या दुसऱ्या आवाजासाठी जीव नुसता टांगणीला लागायचा.

मी दार लावलं. नवं रबर घट्ट बसलं.

टक.

आवाज काचेच्या आतून आला. प्लग माझ्या मांडीवर होता, आणि काच कोमट होती. मला भीती वाटलीच नाही. डोळे भरून आले.

"आई, जमलं गं मला," मी म्हणाले.

मागे पावलं वाजली. लेक उठून आली होती, हातात तिची छोटी बशी. हा खेळ मी तिला कधीच सांगितला नव्हता.

माझ्याकडे न बघता तिने काचेला विचारलं, "अजून थांबू?"

मी तिला घट्ट कवेत ओढलं. आई, आता वाजवू नकोस गं.

टक.