नावेवरचा खून

ब्याण्णव साली निवृत्त झाल्यापासून माझे वडील, अप्पा, एकच कादंबरी लिहीत होते. काळ पेशवाईचा, आनंदवल्लीहून गंगेत नौकाविहाराला निघालेली सरदारांची नाव, आणि त्या नावेवर झालेला खून. रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते नवं पान वाचून दाखवायचे आणि आईला म्हणायचे, "खुनी कोण ते फक्त तुला सांगणार. पण तू विचारलंस तरच!"

तव्यावरची नजर न काढता आई म्हणायची, "आधी पोळ्या होऊ द्या माझ्या."

शेवटचं प्रकरण राहिलं आणि अप्पा गेले. दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. मी हात जोडून म्हणालो, "अप्पा, आईला नीट सांभाळू." बहीण रडत म्हणाली, "तुमची कादंबरी छापून आणू." कावळे समोरच्या पत्र्यावर बसून नुसते बघत राहिले. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले, तशी आई उठली आणि पिंडाजवळ जाऊन वाकली.

"अहो, सांगा ना आता. खुनी कोण?"



कावळा लगेच शिवला.