खुन्यासाठी पिस्तूल

"काळं नको," निनाद म्हणाला. "काळं दिसलं तर मेट्रोतच धरतील. रोज लपवून बाळगायचंय."

दुबईतल्या अल कुसैसमधल्या आपल्या खेळण्यांच्या दुकानात खैरुद्दीनचाचांनी वीस वर्षांत बरीच गिऱ्हाइकं पाहिली होती. पण टाय लावलेलं, विमा कंपनीत सीनियर मॅनेजर असलेलं आणि रोज पिस्तूल बाळगू इच्छिणारं हे पहिलंच.

"रोज कशाला, निनादभाई?"

"डायरेक्टरचा हुकूम आहे. पंधरा दिवस पिस्तूल खिशात ठेवून ऑफिसला जायचं, मीटिंगला बसायचं, बिर्याणी खायची. म्हणजे खुनी अंगात मुरतो."

इथल्या मराठी मंडळाचं नाटक पंधरा दिवसांवर आलं होतं. निनाद त्यात नोकर होता. दोन अंक हातात ट्रे धरून गप्प उभं राहायचं आणि शेवटी मालकाला गोळी घालायची. मालक म्हणजे डायरेक्टर चारुदत्त. गोळी लागल्यावर तो अकरा मिनिटं मरणार होता. बोलत बोलत.

"तुम्हाला एकही वाक्य नाही?" चाचांनी विचारलं.

"नाही. म्हणाला, तुझ्या चेहऱ्याला संवाद शोभत नाहीत."

निनादची नऊ वर्षांची मुलगी शुभ्रा दुकानाच्या काचेवर नाटकाचं पोस्टर चिकटवत होती.

"बाबा, देअर इज अ मिस्टेक. इट सेज रायटर चारुदत्त."

"मिस्टेक नाही ती."

"बट यू रोट इट. इन द किचन. आय सॉ यू."

निनादने तिला टेप तोडून दिली. "कोपरा दाब नीट. सुटतोय."

चाचांनी चष्मा लावून पोस्टर वाचलं. लेखक चारुदत्त, दिग्दर्शक चारुदत्त, प्रमुख भूमिका चारुदत्त. निनादचं नाव तळाशी होतं, वडापाव पुरवणाऱ्याच्या एक ओळ वर. चाचांनी चष्मा काढला, काउंटरखालून मोठा खोका ओढला आणि एकदम मन लावून पिस्तुलं मांडायला लागले.

पहिलं हिरवं, पाण्याचं. मुठीत मावणारं. चाचांनी ते भरूनच दिलं. निनादने पँटच्या खिशात ठेवून दुकानात दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला पँटवर ओला डाग उतरला.

"नको. अशा खुन्याची लोकांना कणव येते."

दुसरं गुलाबी, साबणाचे फुगे सोडणारं. खिशावर फुगवटा नाही, हात घातला की क्षणात बाहेर. निनादने चारुदत्तच्या उंचीचं एक अस्वल निवडलं आणि त्याच्या छातीवर नेम धरला. फुगे तरंगत गेले आणि एक अस्वलाच्या नाकावर बसला. शुभ्रा खो खो हसली.

"नाटकात सगळे असेच हसतील," चाचा म्हणाले.

"अकरा मिनिटं हसतील," निनाद म्हणाला. आल्यापासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला. मग हळूहळू विझला. "नको, चाचा."

"का? सूड झकास होतोय की!"

"भाषण माझं आहे. तीन महिने घासलंय मी ते. त्याच्यावर कोणी हसलेलं मला चालणार नाही."

चाचांनी तिसरं पुढे केलं. केशरी, लांब नळीचं, नळीच्या टोकाला माशाच्या गळासारखा आकडा. निनादने ते कोटाच्या आतल्या खिशात सरकवलं. वरून अजिबात पत्ता लागत नव्हता.

"उभे राहा, चाचा. तुम्ही चारुदत्त. हात पसरा आणि म्हणा, मार हिंमत असेल तर. मी गोळी घालतो, मग तुमचं भाषण."

"भाषण मला कुठे येतंय?"

"'ही गोळी माझ्या छातीत नाही, माझ्या नावात शिरली.' इथून सुरू होतं. पुढचं सगळं त्या गोळीवरच आहे."

चाचा काउंटरबाहेर आले, दोन्ही हात पसरले आणि गरजले, "मार, हिंमत असेल तर!"

वाढदिवसाच्या टोप्या निवडणारी एक बाई दचकून वळली.

निनादने पिस्तूल खेचलं. आकडा अस्तरात रुतला. त्याने पुन्हा खेचलं. कोट वर आला, खांदा वर आला, पिस्तूल आलं नाही.

चाचा हात पसरून उभेच. गोळी नाही म्हणून मरता येईना आणि मरता येईना म्हणून बोलता येईना. बाई बघत होती. चाचा तिच्याकडे बघून ओशाळं हसले. कपाळावर घाम आला.

"मग..." चाचा निनादला म्हणाले, "घरी सगळे बरे?"

निनादचा हात खिशातच थांबला.

"यंदा गरमी... जास्तच आहे, नाही?" चाचा म्हणाले.

निनादने त्यांच्या पसरलेल्या हातांकडे पाहिलं. मग हात बाहेर काढला. रिकामा.

"हेच द्या."

"अहो, निघत नाही ते!"

"म्हणूनच."

चाचा विचारात पडले. "हॉलमध्ये माणसं किती?"

"सहाशे."

"आणि तो असाच उभा राहणार?" हात खाली घ्यायचे चाचांच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

"लेखक आहे तो. बोलेल काहीतरी."

"पण विंगेतून वाक्य सांगायला कोणीतरी असेल ना?"

"आहे ना," निनाद कोटाचं बटण लावत म्हणाला. "माझी बायको."