जास्तीचं शून्य

शेजारच्या खोलीत लॅपटॉप मिटल्याचा टक्क आवाज झाला आणि मेल्पोची दुपारची झोप उडाली.

ती अनवाणीच दारात आली. तिचा नवरा स्ताथिस तिच्या टेबलापाशी उभा होता, हात खिशात घालून.

"काय करत होतास?"

"हवामान बघत होतो. वारा सुटणार म्हणे."

"हवामान खिडकीतून दिसतं, स्ताथिस."

"उठल्या उठल्या सुरू झाली! थांब, कॉफी टाकतो." तो हसत स्वयंपाकघरात गेला. जरा जास्तच हसत.

मेल्पोनं लॅपटॉप उघडला. तिचा ब्लॉग समोर आला. 'उशाशी'. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांसाठी तिनं लिहिलेले धडे, सगळे फुकट. लेक अंगावर पीत असतानाच्या दिवसांत तिनं तो सुरू केला होता. डाव्या हातावर बाळ, उजव्या हाताच्या एका बोटानं टाइप करणं. बाळ हललं की वाक्य तसंच अर्धवट सोडायचं आणि पुन्हा डोळा लागला की पुरं करायचं. शिकवणीचे पैसे नसलेली पोरं त्यावर पास झाली. कुठल्याशा बेटावरच्या एकुलत्या एक दवाखान्यात नेमलेला एक नवखा डॉक्टर तिला कळवायचा, "बाई, तुमचं पान उघडं ठेवूनच पेशंट तपासतो." ते वाचून तिचा ऊर भरून यायचा आणि भीतीही वाटायची.

अलीकडे हॉस्पिटलातून तिला सक्तीची रजा मिळाली होती. थकलीस, आराम कर, असं वरिष्ठ म्हणाले होते. तेव्हापासून स्वतःचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं.

आणि त्यावरच कुणीतरी हात मारत होतं.

सकाळी तिनं नवा धडा टाकला होता. मधमाशी चावून मुलाचा श्वास कोंडला, तर दर किलो वजनाला किती मिलिग्रॅम औषध टोचायचं. तिनं लिहिलं होतं, दशांश एक. आता तिथे दशांश शून्य एक होतं. म्हणजे मात्रा दहापट कमी. तिच्या अंगावर काटा आला.

आधीही असं झालं होतं. कुठे औषधाचं नाव बदललेलं, कुठे अख्खं वाक्य गायब. दरवेळी स्ताथिस म्हणायचा, "ती वेबसाइटच जुनाट झालीय ग." तो स्वतः औषधांच्या दुकानाचा मालक. मात्रेतलं शून्य म्हणजे काय, हे त्याला शिकवायला नको.

दार वाजलं. नणंद आली होती, लेमोनिया, हातात फीत बांधलेलं पेस्ट्र्यांचं मोठं खोकं. मेल्पोच्या मनात पाल चुकचुकली. लेमोनिया एका खाजगी शिकवणीवर्गात नोकरीला होती. असे तयार धडे त्या वर्गाला आयतेच हवे असणार.

"ये ग राणी, किती वाळलीस!" लेमोनियानं तिचे गाल कुरवाळले आणि लगेच स्वयंपाकघरात घुसली.

मेल्पो भिंतीला टेकून ऐकत राहिली.

"सांगितलंस तिला?"

"आज नको. आजचा दिवस जाऊ दे."

"अरे, पण कधीतरी दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावंच लागणार ना?"

"जमेल तोवर मीच सांभाळतो."

मेल्पो आत गेली. "काय सांभाळतोस? माझा ब्लॉग?"

चोरी पकडली गेल्यासारखी दोघं दचकली. शेगडीवर कॉफी उतू गेली.

"ते शून्य कुणी घातलं?"

"मेल्पो..."

"कुणी?"

"मी," स्ताथिस म्हणाला. "बाकीचंही मीच दुरुस्त केलं."

"का?"

"कारण तिकडे कुणीतरी ते वाचून सुई भरतं."

"तेच तर मी म्हणतेय! मूल मरेल कुणाचं तरी! आणि तुम्ही बहीण-भाऊ माझी इतक्या वर्षांची मेहनत शिकवणीवाल्यांच्या घशात घालणार. वर पेस्ट्र्या आणल्यात, तोंड गोड करायला!"

स्ताथिसनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण लेमोनियाला रडू फुटलं आणि तेवढ्यात पुन्हा दार वाजलं.

खालच्या मजल्यावरचं म्हातारं जोडपं होतं, फुलं घेऊन. त्यांच्यामागे समोरची बाई, तिची मुलं. "खूप वर्षं लाभोत! खूप वर्षं!" जो तो म्हणत होता. घर माणसांनी भरलं. मेल्पो कोपऱ्यात उभी राहून एकेक चेहरा न्याहाळत होती. या सगळ्यांनाही ठाऊक होतं तर.

इतक्यात गर्दीतून वाट काढत लेक आली, नवा निळा फ्रॉक घालून, आणि तिच्या कमरेला बिलगली.

"आई, सगळ्यांनी मला शुभेच्छा दिल्या. तू नाही दिल्यास."

"कसल्या ग, पिल्ला?"

"आज माझ्या नावाचा दिवस ना!"

मेल्पोला एकदम हायसं वाटलं. तर हे होतं! लेकीचं नाव ज्या संतावरून ठेवलं, त्याचा आज कॅलेंडरवर दिवस, म्हणून न बोलावता माणसं आली, म्हणून पेस्ट्र्या. आपण किती वेड्यासारखा संशय घेतला. ब्लॉगच्या नादात दिवस विसरलो, इतकंच. ती गुडघ्यांवर बसली, लेकीच्या केसांत तोंड खुपसलं. तोच तो दुधाचा, साबणाचा वास.

"खूप वर्षं लाभोत माझ्या पिल्लाला. माझ्या सोन्याला."

"असं नाही!" लेक रुसली. "सारखं पिल्लू, सारखं सोनं. बाकीच्यांसारखं नाव घेऊन म्हण."

मेल्पो हसली. तोंड उघडलं. मग तिनं वर स्ताथिसकडे पाहिलं. तो ओठांनी, आवाज न करता, काहीतरी सांगत होता.

"बाबाकडे नको बघूस," लेकीनं तिची हनुवटी आपल्याकडे वळवली. "तूच सांग ना आई. माझं नाव काय?"