तेविसावं सँडविच

माणसाची जीभ कधी खोटं बोलत नाही, असं हार्लन कुट्झ छातीठोकपणे सांगत असे. एका जुन्या सँडविचचा सॉस बावीस वेळा करून पाहिल्यावर मात्र त्याचा स्वतःच्याच जिभेवरचा विश्वास उडाला. प्रत्येक प्रयोगाची चव जुन्या चवीवर चढत गेली होती आणि सगळ्यात तळाशी मूळ काय होतं, ते आता सापडत नव्हतं.

ओहायोतल्या त्याच्या गावातलं 'कमोडोर' नावाचं रेस्टॉरंट बंद होऊन एकोणचाळीस वर्षं झाली होती. इमारतीत आता दातांचा दवाखाना होता. पण पालथ्या होडीसारखं छप्पर तेच राहिलं, म्हणून पत्ता सांगताना लोक अजूनही 'कमोडोरपाशी डावीकडे वळा' असंच म्हणत. दातदुखी असलेल्यांनासुद्धा.

शनिवारी दुपारी हार्लनने त्या दवाखान्याच्या पार्किंगमध्ये घडीचं टेबल मांडलं आणि त्यावर तेविसावं मासळीचं सँडविच ठेवलं. शेजारी चाकाच्या खुर्चीत त्याचे वडील, एल्डन. वय एक्क्याण्णव. ते रोज एकच मागत, मला कमोडोरचं सँडविच दे. अडचण अशी, की बावीसही सँडविचना त्यांनी 'हेच ते' म्हटलं होतं आणि तासाभराने पुन्हा तेच मागितलं होतं. एकदा चुकून रमोनाचं अंड्याचं सँडविच त्यांच्या हाती गेलं, तर तेही 'हेच' निघालं.

रमोना ही हार्लनची बहीण. ती म्हणाली, "बाबांना पटतंय ना? मग तुझं काय अडलंय?"

नेमकं काय अडलंय, ते हार्लनलाही सांगता येईना. बाबांना एकदा खरं खाऊ घालायचं होतं, एवढंच त्याला कळत होतं. म्हणून त्याने ओपल योस्ट या बाईंना शोधून काढलं होतं. कमोडोरच्या स्वयंपाकघरात त्यांनी चौदा वर्षं काढली होती.

ओपलबाई आल्या. त्यांनी वरचा पाव उचलला, आत पाहिलं आणि बोटाने चीजचा चौकोनी काप जरासा फिरवला. चारही कोपरे पावाबाहेर दिसले पाहिजेत, नाहीतर मॅनेजर बोलायचा, असं म्हणाल्या. कोपऱ्यांचं हार्लन साफ विसरला होता.

मग बाईंनी एक घास घेतला. सावकाश चावला. दुसरा घेतला.

"छान झालंय रे."

"छान नकोय, बाई. तेच आहे का, ते सांगा."

ओपलबाईंनी सँडविचकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं, मग हार्लनकडे. याला नेमकं काय हवंय, ते त्यांना उमजेना.

"हेच ते," एल्डन म्हणाले. त्यांनी अजून चाखलंही नव्हतं.

"मला कसं कळणार, बाळा?" ओपलबाई हात पुसत म्हणाल्या. "मी तिथलं कधी खाल्लंच नाही. माझा डबा घरून असायचा."